पंधरावा मठाधिपती: एका आयरिश स्तोत्रसंग्रहाचं वय आणि मालक कसे कळले

मिलानच्या आम्ब्रोजियाना ग्रंथालयात ‘सी ५ इन्फ.’ या क्रमांकाखाली चामड्यावर लिहिलेलं एक छोटं पुस्तक ठेवलेलं आहे. पानं फक्त ३६. उंची साधारण २३ सेंमी, रुंदी १८ सेंमीच्या आसपास, म्हणजे एका हातात सहज धरता येईल एवढं. भाषा लॅटिन. आत ख्रिस्ती स्तोत्रं आहेत, छोट्या छोट्या प्रार्थना आहेत, थोडी पद्यं आहेत. चित्र एकही नाही, सोन्याचा वर्ख नाही. आयर्लंडचं जगप्रसिद्ध सचित्र हस्तलिखित म्हणजे बुक ऑफ केल्स, ते साधारण इ.स. ८०० चं. हे साधंसुधं पुस्तक त्याहून शंभरेक वर्षांनी जुनं आहे, आणि बुक ऑफ केल्सच्या बाबतीत जे छातीठोकपणे सांगता येत नाही ते याच्या बाबतीत सांगता येतं. ते कुठे तयार झालं? आयर्लंडमधल्या बँगोरच्या मठात, म्हणून त्याला ‘अँटिफोनरी ऑफ बँगोर’ म्हणतात. कधी? इ.स. ६८० ते ६९१ या अकरा वर्षांत.

पुस्तकावर तारीख नाही, लेखनिकाचं नाव नाही, शीर्षकाचं पान नाही. तेराशे वर्षांपूर्वीच्या वस्तूचं वय एवढं नेमकं सांगायचं आणि आधाराला असा एकही लेख नाही. मग हे कळलं कसं?

बँगोर म्हणजे आजच्या उत्तर आयर्लंडमधलं, बेलफास्टच्या खाडीच्या दक्षिण काठावरचं शहर. (वेल्समध्येही एक बँगोर आहे, त्याचा इथे काही संबंध नाही.) सहाव्या शतकाच्या मध्यावर, इ.स. ५५८ च्या सुमाराला, कॉम्गल नावाच्या साधूने तिथे मठ स्थापन केला. कडक शिस्त, उपवास आणि अखंड प्रार्थना यांसाठी हा मठ ओळखला जाई. चोवीस तासांत ठरावीक वेळी, मध्यरात्रीसुद्धा, सगळ्यांनी एकत्र येऊन स्तोत्रं गायची. आपलं पुस्तक याच कामासाठी लिहिलेलं होतं.

पहिला पुरावा अगदी उघड्यावर पडलेला आहे. एका स्तोत्राचं शीर्षक आहे, ‘आमच्या मठाधिपती संत कॉम्गल यांचं स्तोत्र’. यातला ‘आमच्या’ महत्त्वाचा. कॉम्गलची थोरवी आयर्लंडभर होती, त्याच्यावर कोणीही स्तोत्र लिहिलं असतं, पण ‘आमचा मठाधिपती’ असं बँगोरच्या माणसाखेरीज कोण म्हणेल? याच संग्रहात संत पॅट्रिकवरही स्तोत्र आहे. तिथे शीर्षकात तो ‘आयरिश लोकांचा गुरू’ आहे, आमचा वगैरे नाही.

पुस्तकाच्या शेवटाकडे ‘बँगोर परिवाराची पद्यं’ अशी एक रचना येते. मठाच्या नियमाची स्तुती आहे: तो सरळ आहे, पवित्र आहे, कठोर आहे. मठाला उपमा दिली आहे ती लाटांनी कितीही झोडपलं तरी न डगमगणाऱ्या नावेची. मग खडकावर बांधलेल्या घराची. मग इजिप्तमधून आणून लावलेल्या खऱ्या द्राक्षवेलीची. इजिप्त बायबलमधून आलं आहे, पण ख्रिस्ती मठजीवनाची सुरुवातही इजिप्तच्या वाळवंटातच झाली होती, आणि पावसाळी उत्तर आयर्लंडमधल्या या मंडळींना आपलं मूळ तिथे आहे याचं भान होतं असं मला वाटतं. त्याच रचनेत लॅटिन शब्दांच्या बरोबरीने एक शब्द चक्क आयरिश आहे: ‘मुन्थेर’, म्हणजे घरची माणसं, परिवार. लॅटिनमध्ये या अर्थाचे शब्द नव्हते असं नाही. कवीला घरचाच शब्द हवा होता.

इथवर ठिकाण नक्की झालं. काळ मात्र सगळ्यात शेवटच्या रचनेवरून निघतो, आणि या पुस्तकात मला सर्वांत आवडते ती हीच रचना. तिचं शीर्षक ‘आमच्या मठाधिपतींचं स्मरण’.

ही रचना अक्षरक्रमाने बांधलेली आहे. प्रस्तावनेचं कडवं झालं की पुढची प्रत्येक ओळ लॅटिन वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू होते: ए, बी, सी, डी. सातव्या शतकातल्या आयरिश कवींना हा प्रकार फार आवडे. पॅट्रिकवरचं स्तोत्रही असंच २३ अक्षरांवर २३ कडव्यांचं आहे. पाठ करायला सोपं जातं हा एक फायदा. अभ्यासकांच्या दृष्टीने दुसरा फायदा असा की मधलं पान गहाळ झालं असतं तर अक्षरांची साखळी तुटून ते लगेच लक्षात आलं असतं.

मठाधिपतींच्या रचनेत कवीची झालेली ओढाताण पाहण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये ‘के’ हे अक्षर जवळजवळ बिनकामाचं, म्हणून ‘कापुट’ म्हणजे ‘शिर’ हा सीने लिहायचा शब्द त्याने केने लिहिला. एक्सने सुरू होणारा लॅटिन शब्द आणायचा कुठून? मग ख्रिस्ताचं नाव ग्रीक अक्षरांत लिहायची जी प्रथा होती ती घेतली, कारण त्यात पहिलं अक्षर एक्ससारखंच दिसतं. झेडसाठी ‘जीवन’ या अर्थाचा ग्रीक शब्दच थेट उचलला. आता कवीला यावरून भरपूर ग्रीक येत होतं असं समजायचं कारण नाही. त्याला झेड हवा होता, एवढंच.

या ओळींमध्ये पंधरा नावं गुंफलेली आहेत. कॉम्गल पहिला, मग बेओग्ना, मग एड, मग सिनलान, ज्याला ‘जगाचा नामांकित शिक्षक’ म्हटलंय. (हा सिनलान ईस्टरची तारीख काढण्याच्या गणिताचा जाणकार होता, अशी नोंद एका वेगळ्याच हस्तलिखितात सापडली आहे. म्हणजे ही पदवी निव्वळ कौतुकाची नव्हती.) प्रत्येक कडव्याच्या शेवटी धृपद येतं: ‘ज्यांना प्रभूने स्वर्गराज्याच्या आसनांवर बोलावून घेतलं.’ थोडक्यात, हे सगळे वारलेले. चौदावा कामान. तो आता ख्रिस्ताजवळ बसून स्तोत्रं गातो आहे, असं कवी सांगतो. आणि पंधराव्या क्रोनानपाशी सूर बदलतो. त्याला जीवन लाभो, प्रभू त्याचं रक्षण करो.

शाळेत मुख्याध्यापकांच्या कार्यालयात आजवरच्या मुख्याध्यापकांच्या नावांचा फलक असतो ना, प्रत्येकापुढे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने, आणि शेवटच्या नावापुढचा ‘पर्यंत’ रिकामा? क्रोनानची ओळ म्हणजे तो रिकामा रकाना. रचना लिहिली तेव्हा तो गादीवर होता.

पुढचं काम आयरिश बखरींनी केलं. आयर्लंडच्या मठांमध्ये वर्षावर्षाच्या ठळक घटना टिपून ठेवत, आणि मोठ्या मठांच्या अधिपतींचे मृत्यू त्यात हमखास येत. त्या नोंदींप्रमाणे कामान ६८० मध्ये वारला आणि क्रोनान ६९१ मध्ये. म्हणून रचना या दोन सालांच्या मधली.

इथे चोखंदळ वाचक एक शंका काढेल, आणि ती काढायलाच हवी. रचनेचा काळ आणि पुस्तकाचा काळ एकच कशावरून? पन्नास वर्षांनी कोणीतरी जुन्या पानांवरून जशीच्या तशी नक्कल केली नसेल कशावरून? सोळावं नाव जोडलेलं नाही, असं उत्तर सहसा दिलं जातं. ते मला अर्धंच पटतं, कारण क्रोनानपाशी वर्णमालाच संपते. झेडनंतर नवं नाव बसवायला जागाच नव्हती. जास्त वजनदार गोष्ट वेगळी आहे. हे पुस्तक रोजच्या प्रार्थनेसाठी होतं. मेलेल्या माणसाच्या आयुष्यासाठी रोज प्रार्थना कोण करील? क्रोनान गेल्यावर नक्कल केली असती तर निदान ती ओळ तरी बदलावी लागली असती. शिवाय अक्षराचं वळणही सातव्या शतकाच्या उत्तरार्धाशी जुळतं. एकटा कोणताही पुरावा पुरला नसता. तिन्ही एकत्र ठेवले की फारसा संशय उरत नाही.

चामडं, शाई, अक्षर

अक्षराचं वळण म्हणजे काय, ते जरा पाहू. हस्तलिखितांचे जाणकार पुस्तक वाचायच्या आधी ते पाहतात.

त्या काळी युरोपात लिहायला कागद नव्हता. वासराचं किंवा मेंढीचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस काढून, चौकटीवर ताणून, अर्धचंद्राकृती पात्याने खरवडून वाळवत. हेच चर्मपत्र. इटलीत किंवा फ्रान्समध्ये तयार केलेल्या चर्मपत्राची केसांकडची बाजू पिवळसर आणि मांसाकडची पांढरी राहते, दोन्ही चटकन ओळखता येतात. आयर्लंड आणि उत्तर इंग्लंडमधले कारागीर मात्र दोन्ही बाजू इतक्या घासत की त्या सारख्याच दिसतात. त्यांचं चर्मपत्र जाड असे आणि हाताला किंचित लवदार लागे. पानं दुमडून फर्मे करायचीही त्यांची तऱ्हा वेगळी होती. ते आधी पानं दुमडत, मग दोन्ही समासांत टोच्याने भोकं पाडत आणि त्या भोकांच्या आधाराने टोकदार काडीने रेघा ओढत. युरोपच्या मुख्य भूमीवर रेघा सहसा दुमडण्याआधीच ओढल्या जात. त्यामुळे एखाद्या सुट्या पानाच्या दोन्ही कडांना भोकं दिसली, तर त्यावर एक शब्दही न वाचता पानाचा मुलूख ओळखायला मदत होते.

शाई मायफळासारख्या, ओकच्या फांद्यांवर येणाऱ्या गाठी आणि हिराकस यांची. ती ताजी असताना फिकट असते, हवेत काळी पडते आणि चामड्यात मुरते. लिहायला पक्ष्याच्या पिसाची लेखणी.

आणि लिपी आयरिश. अक्षरांच्या उभ्या रेघांच्या वरच्या टोकाला पाचरीसारखा त्रिकोण, हे तिचं ठसठशीत लक्षण. शब्द आखूड करून लिहिण्याच्या खास खुणा हे दुसरं. तिसरं लक्षण आज इतकं अंगवळणी पडलं आहे की ते लक्षण वाटतच नाही: दोन शब्दांमधली मोकळी जागा. प्राचीन रोमन पुस्तकांत शब्द एकमेकांना चिकटवून लिहीत, कारण वाचणाऱ्याची ती मातृभाषा असे, कुठे तोडायचं ते त्याला जिभेवरूनच कळे. आयर्लंड कधी रोमन साम्राज्यात नव्हतं. तिथल्या माणसाला लॅटिन पुस्तकातूनच शिकावी लागे. त्यामुळे शब्द सुटे करून लिहिण्याची सवय आयरिश लेखनिकांनी लावली आणि तिथून ती सगळ्या युरोपभर गेली. परकी भाषा शिकणाऱ्यांची सोय म्हणून निघालेली गोष्ट पुढे भाषा येणाऱ्यांनाही सोयीची वाटली.

आपलं पुस्तक एकाच माणसाने लिहिलेलं नाही. हस्ताक्षरं एकाहून अधिक आहेत. आखणी नीट आणि एकसलग वाटते ती पुस्तकाच्या पहिल्या मोठ्या भागात: बायबलमधली गीतं, लांब स्तोत्रं, मग ओळीने प्रार्थना. पुढे मात्र जमेल तशी भर घातल्यासारखा मजकूर येतो. वापरातल्या पुस्तकांचं असंच होतं. सुरुवातीला ठरवलेली रचना असते, मग कोणाला काहीतरी आठवतं, कुठे अर्धं पान मोकळं सापडतं.

काय नाही, त्यावरूनही बरंच कळतं. बायबलमधली दीडशे स्तोत्रं, म्हणजे मठातल्या प्रार्थनेचा कणा, ती यात नाहीत. वाचनाचे उतारे नाहीत. दिवसाच्या आणि रात्रीच्या प्रहरांसाठीच्या छोट्या प्रार्थना मात्र भरपूर आहेत. यावरून असं वाटतं की दीडशे स्तोत्रं भिक्षूंना पाठ होती किंवा वेगळ्या पुस्तकात होती, आणि हे पुस्तक प्रार्थना चालवणाऱ्याच्या, कदाचित खुद्द मठाधिपतीच्या हाती असावं.

आणि स्वरलेखन नाही. स्तोत्रसंग्रह म्हटला की आपल्याला चाली हव्या असतात, पण युरोपात स्वरांच्या खुणा लिहायला सुरुवात झाली ती नवव्या शतकात, आणि रेघांवर स्वर मांडायची पक्की पद्धत आली अकराव्यात. सेव्हिलचा बिशप इसिडोर सातव्या शतकात लिहून गेला आहे की माणसाने स्मरणात ठेवले नाहीत तर स्वर नष्ट होतात, कारण ते लिहिता येत नाहीत. बँगोरच्या चाली तशाच गेल्या. आज या स्तोत्रांच्या ध्वनिमुद्रिकांवर ‘बँगोरचं प्राचीन संगीत’ असं काही लिहिलेलं दिसलं, तर शब्द प्राचीन आणि चाल नंतर बसवलेली, असं खुशाल समजावं.

शब्द तरी राहिले हेच खूप. प्रसाद घेण्याच्या वेळी गायचं ‘सांक्ती वेनीते’, म्हणजे ‘पवित्रजन हो, या’, हे लॅटिन स्तोत्र आपल्याला या एकाच पुस्तकातून मिळालं आहे. ते प्रथम देवदूतांनी गायलं अशी आयरिश आख्यायिका आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन मेसन नील याने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते इंग्रजी प्रार्थनामंदिरांत आजही गायलं जातं. ३६ पानांचं हे पुस्तक हरवलं असतं तर हे गाणं होतं हेही कळलं नसतं.

बँगोरहून बोब्बिओला

आता मालकीकडे वळू. पहिला मालक बँगोरचा मठ, यात शंका नाही. पुढचा पक्का मालक म्हणजे उत्तर इटलीत, आपेनाइन डोंगरांमधल्या ट्रेबिया नदीच्या खोऱ्यातला बोब्बिओचा मठ. दोन्हींमध्ये समुद्र, फ्रान्स आणि आल्प्स.

या दोन मठांचं नातं मात्र जवळचं होतं. बोब्बिओ स्थापन केलं कोलंबानुसने, आणि तो बँगोरचा, कॉम्गलचा शिष्य. इ.स. ५९० च्या सुमाराला तो बारा सोबती घेऊन फ्रान्समध्ये उतरला, तिथे मठ काढले, तिथल्या राजाशी आणि बिशपांशी भांडला, हाकलला गेला, आणि शेवटी लोंबार्ड राजा आगिलुल्फने दिलेल्या जागेवर ६१४ मध्ये त्याने बोब्बिओ वसवलं. वर्षभरात, ६१५ मध्ये, तो वारला.

पुस्तक कोलंबानुसनेच नेलं असेल असं सहज मनात येतं. गोष्ट म्हणून ते छानच आहे. पण ते शक्य नाही, कारण क्रोनान गादीवर आला तेव्हा कोलंबानुसला जाऊन पासष्ट वर्षं झाली होती. नक्की साल हाती असलं की असा फायदा होतो: आवडत्या कहाण्या आपोआप गळतात.

मग कोणी नेलं? दुसरा उमेदवार डुंगाल. हा नवव्या शतकातला आयरिश विद्वान. सूर्यग्रहणांबद्दल शार्लमेन बादशहाने शंका विचारली तेव्हा ८११ मध्ये तिचं उत्तर लिहिणारा, आणि ८२५ मध्ये इटलीतल्या पाविया इथे शिक्षक म्हणून नेमलेला. बोब्बिओच्या ग्रंथालयाची मध्ययुगातली एक जुनी यादी आहे, त्यात डुंगाल नावाच्या आयरिश माणसाने मठाला दिलेली पुस्तकं वेगळी नोंदवली आहेत. पाविया बोब्बिओपासून जवळ. शिवाय वायकिंग टोळ्यांनी ८२३ आणि ८२४ मध्ये बँगोर लुटलं, कॉम्गलच्या अस्थींची पेटीसुद्धा उधळली, असं बखरी सांगतात. अशा वेळी कोणीतरी मौल्यवान पुस्तकं घेऊन दक्षिणेकडे पळालं असेल, ती डुंगालच्या हाती आली असतील, त्याने बोब्बिओला दिली असतील. सगळं सुरेख जुळतं.

नेमकं म्हणूनच सावध राहायला हवं. यादीतला डुंगाल तो हाच की त्याच नावाचा नंतरचा कोणी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि आपलं पुस्तक त्याच्या देणगीत होतं याला थेट पुरावा नाही. जुन्या वस्तूंची मालकी लिहिताना हा मोह नेहमी होतो: दोन पक्के टप्पे मिळाले की मधली जागा एखाद्या नामवंत माणसाने भरून काढायची. बँगोर आणि बोब्बिओ यांच्यामध्ये भिक्षूंची ये-जा कित्येक पिढ्या सुरू असणार. एखादा कोणाच्या लक्षात न राहिलेला भिक्षूसुद्धा झोळीत ३६ पानं घालून आल्प्स ओलांडू शकतो. मला विचाराल तर तीच शक्यता जास्त वाटते.

एक गोष्ट मात्र या अंदाजांपलीकडची आहे. तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बोब्बिओहूनच आलेली काही जुनी सुटी पानं मिळाली आणि १९०३ मध्ये जर्मन अभ्यासक विल्हेल्म मायर याने ती प्रसिद्ध केली. त्यांवर बँगोरच्या पुस्तकात असलेल्याच काही स्तोत्रांचा आणि प्रार्थनांचा मजकूर आहे. याचा अर्थ ही आयरिश प्रार्थनापद्धत बोब्बिओच्या परिसरात निव्वळ शोभेची नव्हती, तिच्या एकाहून जास्त प्रती हाताळल्या जात होत्या.

बोब्बिओत पुस्तक जवळजवळ निमं सहस्रक किंवा त्याहून जास्त काळ राहिलं असावं, आणि तिथे ते शाबूत राहिलं हे नवलच. चर्मपत्र महाग. नको असलेलं पुस्तक धुऊन, खरवडून त्याच चामड्यावर नवं लिहायचं ही सर्रास रीत होती आणि बोब्बिओ त्यासाठी प्रसिद्धच आहे. प्राचीन रोमन लेखक सिसेरोचा राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ तिथे खरवडला गेला आणि त्यावर संत ऑगस्टिनचं स्तोत्रांवरचं भाष्य लिहिलं गेलं. खालचा सिसेरो पुन्हा वाचला १८१९ मध्ये आंजेलो माई याने, व्हॅटिकनमध्ये. बायबलच्या गॉथिक भाषांतराची पानंही अशीच भाष्याखाली दडलेली सापडली. त्याच कपाटांमध्ये एका दूरच्या मठाच्या पंधरा अधिपतींची नावं सांगणारं पुस्तक होतं, इटालियन भिक्षूंना त्या नावांतलं क्वचितच कोणी ठाऊक असणार, आणि त्यावर कोणी पातं चालवलं नाही. सिसेरो गेला आणि क्रोनान राहिला. संस्थापकाच्या गुरूचं नाव आत आहे एवढी आठवण बोब्बिओने धरून ठेवली होती, की चामडं जाड आणि पुस्तक छोटं म्हणून ते कामाचं वाटलं नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

मिलान

सोळाव्या शतकाच्या अखेरीस बोब्बिओची रया गेली होती आणि पुस्तकांना गिऱ्हाईक निर्माण झालं होतं. मिलानचा आर्चबिशप कार्डिनल फेदेरिको बोरोमेओ नवं ग्रंथालय उभारत होता. त्यासाठी त्याने हस्तलिखितं जमवायला ठिकठिकाणी माणसं पाठवली. बोब्बिओची अनेक हस्तलिखितं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्याकडे आली, त्यांत हे पुस्तकही. संत अँब्रोज याच्या नावाचं ते ग्रंथालय, आम्ब्रोजियाना, १६०९ मध्ये वाचकांसाठी उघडलं. युरोपातल्या सर्वसामान्य वाचकाला दार उघडणाऱ्या पहिल्या काही ग्रंथालयांत त्याची गणना होते.

बोब्बिओचा बाकीचा संग्रह कुठल्या कुठे पांगला. काही पुस्तकं पोपकडे व्हॅटिकनला गेली, बोब्बिओचंच एक प्रसिद्ध प्रार्थनापुस्तक पॅरिसला पोहोचलं, बरीचशी तुरिनला. फ्रेंच राजवटीत १८०३ मध्ये मठच बंद झाला. तुरिनच्या ग्रंथालयाला जानेवारी १९०४ मध्ये आग लागली आणि तिथे गेलेल्या बोब्बिओच्या संग्रहाचंही त्यात नुकसान झालं. आपलं पुस्तक मिलानला गेलं आणि तुरिनला नाही, यात कोणाचं शहाणपण नव्हतं.

आम्ब्रोजियानात ते शंभरेक वर्षं कपाटात पडून होतं. १६९५ मध्ये लुडोविको अँतोनियो मुरातोरी नावाचा बावीस-तेवीस वर्षांचा तरुण तिथे कामाला लागला. पुढे इटलीच्या इतिहासलेखनाचा पाया घालणारा हाच. बोब्बिओहूनच आलेल्या दुसऱ्या एका हस्तलिखितात त्याला नव्या कराराच्या पुस्तकांची एक फार जुनी यादी सापडली, ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. हस्तलिखितांतला आजवर न छापलेला मजकूर त्याने चार खंडांत काढला आणि आपलं पुस्तक १७१३ मध्ये पाडुआत छापलेल्या चौथ्या खंडात आलं. ‘अँटिफोनरी ऑफ बँगोर’ हे नाव त्याचंच. अँटिफोनरी म्हणजे आळीपाळीने गायच्या ओळींचं पुस्तक. यात तशा ओळी आहेत, पण स्तोत्रं आणि प्रार्थनाही भरपूर आहेत, त्यामुळे नाव काटेकोर नाही. पण तीनशे वर्षं रुळलेलं नाव आता कोण बदलणार? डुंगालचा अंदाजही मुरातोरीचाच. जो माणूस पहिल्यांदा छापतो त्याचे अंदाजही मजकुराबरोबर छापले जातात आणि पुढची दोन शतकं लोक ते पुरावा म्हणून वापरतात.

यावर उतारा आला तो छायाचित्रणातून. फ्रेडरिक वॉरेन याने इंग्लंडच्या हेन्री ब्रॅडशॉ सोसायटीसाठी १८९३ मध्ये सगळ्या पानांच्या छायाचित्रांचा खंड काढला आणि १८९५ मध्ये टिपांसह मजकूर. कोणती ओळ कोणाच्या हाताची, कुठे खाडाखोड, कुठे मागाहून घातलेलं, हे मिलानला न जाता पाहता येऊ लागलं.

दुसऱ्या महायुद्धात ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांत आम्ब्रोजियानाच्या इमारतीला मोठी हानी पोहोचली. बोब्बिओहून आलेला हा ठेवा मात्र वाचला. चारशे वर्षांत मालक बदललेला नाही. क्रमांकातलं ‘इन्फ.’ म्हणजे खालच्या फळ्या. आम्ब्रोजियानात जुन्या काळापासून पुस्तकांचे वरच्या फळ्यांवरची आणि खालच्या फळ्यांवरची असे दोन गट आहेत, आणि हे खालच्या गटातल्या ‘सी’ अक्षराखालचं पाचवं.